कुशाबाईनं ऐकलेला ठोका

खेडचा घाट उतरताना कुशाबाईला तो ठोका पहिल्यांदा ऐकू आला, तेव्हा ती अर्धवट झोपेत होती.

मोटारीत मागच्या बाजूला बसायचं, पदर डोक्यावरून घ्यायचा, दाराच्या लोखंडी चौकटीला कानशील टेकवायचं आणि डोळे मिटायचे, ही तिची नेहमीची रीत. मंचरला रंभाला, म्हणजे तिच्या लेकीला, भेटून ती आणि अर्जुनराव चाकणला परत निघाले होते. रंभाला सातवा सरून आठवा लागला होता. पुढच्या गुरुवारी तिला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं ठरलं होतं. कुशाबाईच्या मिटल्या डोळ्यांपुढं लेकीचा सुजलेला गोरा पाय तरंगत होता, आणि त्यातच कुठून तरी आवाज आला. टक्. आणि त्याच्या पाठीला चिकटून दुसरा, अगदी बारीक. टिक्.

तिला वाटलं, स्वप्न पडतंय. कारण आवाज आता तिला स्वप्नातच यायचे.

एकोणीस वर्षांपूर्वी रंभा झाली आणि कुशाबाईच्या कानांना दडे बसले. आधी वाटलं बाळंतपणातला गारठा असेल. तेल घातलं, ओव्याची धुरी घेतली, आळंदीच्या एका वैद्याच्या पुड्या झाल्या. दडे काही सुटले नाहीत. वर्षागणिक घट्टच होत गेले. आता तिला काही सांगायचं तर अगदी जवळ येऊन ओरडावं लागे, आणि एवढी तसदी कोण घेणार? घरात बरंचसं हातवाऱ्यांवर भागायचं. अर्जुनराव कांद्याचे व्यापारी. बाजारात त्यांचा आवाज पार वेशीपर्यंत जायचा, पण चारचौघांत बायकोवर ओरडल्यासारखं दिसतं म्हणून घरी ते गप्पच राहू लागले होते. कुशाबाई स्वतः मात्र फार हळू बोलायची. तिचं स्वतःचं बोलणं तिला डोक्यात मोठ्यानं घुमल्यासारखं ऐकू यायचं, त्यामुळे आवाज चढवायची तिला गरजच वाटायची नाही. बाकी सगळं जग तिला तळ्याच्या पलीकडच्या काठावर असल्यासारखं वाटे. माणसं दिसायची, त्यांचे हात हलायचे, तोंडं उघडायची-मिटायची, आणि मधे सगळं निवांत पाणी.

त्या पाण्यातून हा ठोका आला होता.

तिनं डोकं उचललं. ठोका गेला. पुन्हा चौकटीला टेकवलं. टक्-टिक्. टक्-टिक्. वळण आलं, अर्जुनरावांनी पाय उचलला, तशी मोटार उतारावर आपोआप घरंगळू लागली आणि ठोका अगदी जवळ येऊन बोलू लागला.

"अवं," ती पुढं वाकून म्हणाली, "मोटारीत कायतरी वाजतंय."

अर्जुनरावांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं आणि ओठांच्या कोपऱ्यात हसले. ते हसू कुशाबाईला चांगलं ठाऊक होतं. पाणवठ्यावरच्या बायकाही तिच्यापाठी असंच हसायच्या. तरी घाट उतरल्यावर भल्या माणसानं मोटार थांबवली, इंजिनावरचं झाकण उघडलं, कान देऊन ऐकलं आणि पंजा हलवून सांगितलं, काही नाही.

तशी ती मोटार वाजतच असायची. पंधरा वर्षांची जुनी, हत्तीसारखी अमेरिकन मोटार होती ती. मुंबईच्या कुणा गॅरेजवाल्यानं तिचं मूळचं पेट्रोलचं इंजिन काढून त्या जागी डिझेलचं बसवलं होतं. ती चाकणच्या वेशीत शिरली की बांधलेले बैल कान टवकारायचे. एवढ्या खडखडाटात एक बारीक ठोका कुणाला ऐकू येणार, आणि तोही कुशाबाईला?

गोष्ट बाजारात पसरली. अर्जुनरावांच्या बाईला मोटारीतला आवाज ऐकू येतो म्हणून लोक हसले. सोनबा नावाचा एक ट्रक-डायव्हर, कांदा घेऊन मुंबईला जाणारा, मुद्दाम येऊन इंजिन रेटून ऐकून गेला. त्यानंही मान हलवली.

कुशाबाईला स्वतःचीच शंका येऊ लागली. बहिऱ्या कानात रिकामे आवाज असतातच. तिच्या कानांतही कितीतरी वर्षं रातकिडे ओरडत होते. हा ठोका त्यांच्यातलाच एखादा नसेल कशावरून? मग तिनं तो तपासायला सुरुवात केली. कुणाच्या लग्नाला, कुणाच्या वास्तुशांतीला, जिथं मोटार निघेल तिथं ती न बोलावता जाऊन बसू लागली. इंजिन बंद असलं की ठोका नसायचा. चढावर, इंजिन जोर लावत असताना, तो दबून जायचा. उतारावर पाय उचलला की हटकून यायचा. आणि डोकं चौकटीला टेकलं असेल तरच यायचा, एरवी नाही. तीन-चार फेऱ्यांत तिला त्याच्या सगळ्या खोडी कळल्या. तो तिच्या डोक्यातला नव्हता. तो मोटारीचा होता, आणि दर फेरीला थोडा थोडा मोठा होत होता.

त्या आठवड्यात तिला एकच स्वप्न दोनदा पडलं. घाटात धुकं होतं, मोटारीला चाकं नव्हती, आणि मागच्या बाजूला रंभा पोटावर हात ठेवून बसली होती. तिच्या पोटातून तो आवाज येत होता. टक्-टिक्.

सोमवारी सकाळी अर्जुनराव कडूसला एका शेतकऱ्याचा माल पाहायला निघाले, तर कुशाबाई आधीच मोटारीत बसलेली.

"चिंचवडला चला," ती म्हणाली.

अर्जुनरावांनी हातानंच विचारलं, कशाला?

"मिस्त्रीकडं. ह्या गाडीतनं मी माझी पोर घाटातनं आणू द्यायची न्हाई." हे ती इतक्या हळू बोलली की ऐकायला अर्जुनरावांना खिडकीत वाकावं लागलं.

त्यांनी हात उडवले. कडूसच्या दिशेला बोट दाखवलं. शेवटी न राहवून ओरडलेसुद्धा. त्यांच्या मानेच्या शिरा तिला फुगलेल्या दिसल्या. कुशाबाईनं सरळ डोळे मिटून घेतले. एकदा तिनं डोळे मिटले की तिला काही सांगायची सोयच उरत नसे. थोड्या वेळानं मोटार थरथरली आणि चालू लागली. तिनं एक डोळा उघडून पाहिलं. मोटारीचं तोंड दक्षिणेला होतं.

माघातली सकाळ होती. बाजाराकडं येणाऱ्या कांद्याच्या गाड्या रस्त्याच्या कडेनं ओळीनं चालल्या होत्या, आणि त्यांच्या धुरळ्यात ऊन अडकून सगळा रस्ता पिवळा झाला होता. मोशीच्या अलीकडच्या उतारावर ठोका आला. इंद्रायणीच्या पुलावर तो गेला. भोसरी मागं पडली. मुंबई रस्त्याला लागल्यावर पिंपरीत औषधाच्या नव्या कारखान्याच्या पांढऱ्या भिंती आल्या, निर्वासितांच्या वसाहतीतल्या घरांच्या रांगा आल्या, वाळत घातलेले रंगीत कपडे आले. कुशाबाई कानशील टेकवून ते सगळं बघत होती, आणि आतून तो ठोका तिला सोबत करत होता. इतक्या वर्षांत आपल्याशी असं एकटीशीच बोलणारं काही भेटलं नव्हतं, असं वाटून तिला क्षणभर त्याची मायाच आली. मग रंभाचं पोट आठवलं आणि ती दचकली.

ज्योतीराम मिस्त्रीची पत्र्याची शेड चिंचवड स्टेशनाजवळ दोन चिंचांच्या सावलीत होती. माणूस कोल्हापूरकडचा, पन्नाशीचा. लढाईच्या काळात देहूरोडला लष्कराच्या लॉऱ्या दुरुस्त करत होता, नंतर इथंच राहिला. अंगानं किरकोळ, पण हात मोठे, आणि त्यांवर तेलाचा रंग कायमचा चढलेला. त्यानं अर्जुनरावांचं सगळं ऐकून घेतलं. अर्जुनराव काय सांगतायत ते कुशाबाईला त्यांच्या ओठांवरून कळत होतं. 'बहिरी हाय.' 'एकोणीस वर्सं.' 'तुमीच समजवा.'

ज्योतीराम हसला नाही. तेवढं एक तिनं पाहिलं.

त्यानं इंजिन चालू ठेवलं, लाकडी मुठीचा एक हातभर लांब पेचकस घेतला, त्याचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मुठीला कान लावला. इथं टेकव, तिथं टेकव, असं बराच वेळ चाललं. कपाळाला आठ्या घालून तो ऐकत राहिला. मग पेचकस ठेवून त्यानं अर्जुनरावांना काहीतरी सांगितलं, आणि दोघांनी मिळून तिच्याकडं पाहिलं. त्यांचं काय ठरलं ते तिला विचारायची गरज नव्हती.

कुशाबाई मोटारीतून उतरली. सरळ इंजिनापाशी गेली आणि तिनं पेचकस उचलला.

ज्योतीरामनं घाईनं पुढं होऊन तिचा पदर धरला आणि गरगरणाऱ्या पंख्याकडं बोट केलं. तिनं पदर कमरेला घट्ट खोचला. मग त्यानं केलं तसंच केलं. टोक इंजिनावर, मूठ कानाला. काही नाही. तेच पलीकडच्या काठावरचं घुमणं. तिनं मूठ कानावर दाबून पाहिली, दुसऱ्या कानाला लावून पाहिली. डोळ्यांत पाणी आलं, ते तिला त्या दोघांना दाखवायचं नव्हतं, म्हणून तिनं मान खाली घातली. आणि मान खाली घालताना मूठ कानावरून सरकून कानामागच्या हाडावर टेकली.

एकदम सगळं उघडलं.

पहाटेच्या अंधारात जागी झाल्यावर माजघरातून भरल्या घराचे आवाज यावेत, तसे ते आले. लहानपणी यायचे तसे. कुणी दळत होतं, कुणी कांडत होतं, कुणी घागरीत पाणी ओतत होतं. कुणी घाईघाईनं फळीवरून चालत होतं. एकेक आवाज वेगळा, धुतल्यासारखा लख्ख, आणि सगळे एका तालात. कुशाबाईला हसू फुटलं. आपण चिंचवडला आहोत, दोन पुरुष आपल्याकडं बघतायत, हे ती विसरली. तिनं पेचकसाचं टोक जरा सरकवलं, तशी ती जणू एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली. इथं दळणारी बाई जवळ आली, कांडणारी लांब राहिली. आणखी सरकवलं. आणखी एक खोली. किती वेळ ती त्या घरात हिंडत होती कोण जाणे. घाई अशी तिला वाटतच नव्हती.

खालच्या अंगाला, अगदी परसदारापाशी, तो होता. टक्. आणि त्याच्यामागं टिक्.

"ह्यो बगा," ती डोळे मिटूनच म्हणाली. "हितं हाय."

ज्योतीराम तिच्या चेहऱ्याकडं बघत होता. मूठ तिच्या कानावर नसून कानामागं आहे, हेही त्यानं पाहिलं. त्यानं आपल्या कानामागचं हाड बोटानं ठोकून बघितलं आणि सावकाश मान डोलावली. मग इंजिनाला डिझेल पोचवणाऱ्या चार बारक्या नळ्या त्यानं तिला दाखवल्या. चार बोटं दाखवली. पाना दाखवला. एकेक नळी सैल करतो, आवाज गेला की हात वर करा, असं त्यानं खुणांनी इतकं नीट सांगितलं की शब्दांचं काही अडलंच नाही.

पहिली नळी सैल झाली. इंजिन अडखळलं, पण ठोका होता. तिनं मान हलवली. दुसरी. होता. तिसरी सैल झाली आणि ठोका कुणी उचलून नेल्यासारखा गेला.

कुशाबाईनं हात वर केला.

त्यानं नळी आवळली, ठोका आला. सैल केली; गेला. मग त्यानं पाना नुसताच हवेत फिरवला आणि तिच्याकडं पाहिलं.

"आता तुमी काय सैल केलंच न्हाई," कुशाबाई रागानं म्हणाली. "वाजतंय तसंच."

ज्योतीरामनं पाना खाली ठेवला आणि तिला हात जोडले. मग अर्जुनरावांच्या तोंडाकडं बघून तो मोठमोठ्यानं हसला. त्याचं हसणं तिला ऐकू आलं नाही, पण त्याचे दात दिसले, आणि तीही हसली.

इंजिनाखालची तेलाची टाकी, मिस्त्री तिला चेंबर म्हणायचे, उतरवायला दुपार झाली. तोवर कुशाबाई चिंचेखाली बसून राहिली. ज्योतीरामच्या बायकोनं तिला भाकरी आणून दिली. तिनं ती खाल्ली, पण मन अजून त्या घरातच हिंडत होतं. ऊन कलायला लागलं तेव्हा ज्योतीराम मोटारीखालून सरपटत बाहेर आला आणि त्यानं तिच्यापुढं तेलकट मूठ उघडली. आत एक नट होता आणि तुटलेल्या पिनेचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा.

तिसऱ्या सिलिंडरच्या रॉडचा नट होता तो. तो सैल होऊ नये म्हणून त्यातून एक पिन घातलेली असते. ती पिन केव्हातरी तुटली होती, आणि नट इतका सुटला होता की ज्योतीरामनं तो नुसत्या बोटांनी फिरवून काढला होता.

"घाटात सुटला असता तर?" अर्जुनरावांनी विचारलं.

"रॉड इंजिनाची बाडी फोडून भाईर आला असता. इंजिन जागच्या जागी आवळलं असतं. मग उतारावर गाडी कुनीकडं जाईल, ते कुनी सांगावं?" ज्योतीरामनं हात पुसले. "राव, मी तीस वर्सं इंजिनं ऐकतोय. मला न्हाई गावलं. वैनींच्या कानाची वाट तेवढी बुजलीया. आत समदं शाबूत हाय. हाडातनं गेलं की पोचतंय बगा."

हे बोलणं कुशाबाईला ज्योतीरामच्या बायकोनं कानाशी ओरडून सांगितलं. अर्जुनराव शेडच्या पायरीवर बसले होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती, आणि ते त्या पिनेच्या तुकड्याकडं बघत होते. 

नवी पिन घालून, सगळे नट तपासून, मोटार दुसऱ्या दिवशी दुपारी हातात आली. रात्र दोघांनी मिस्त्रीच्याच घरी काढली. परतताना मोशीच्या अलीकडं उतार लागला, तेव्हा अर्जुनरावांनी पाय उचलला आणि आरशातून मागं पाहिलं. भुवया वर करून विचारलं, हाय का?

कुशाबाईनं चौकटीला कानशील टेकवलं. दळणारी होती, कांडणारी होती. परसदारी कुणी नव्हतं.

"न्हाई."

नदीपलीकडच्या बारक्या उतारावर त्यांनी पुन्हा विचारलं. कुरुळीपाशी उतार असा नव्हताच, तरी विचारलं. चाकणच्या वेशीत शिरताना मोटार थांबवून, मागं पूर्ण वळून, सगळं तोंड तिच्यापुढं धरून त्यांनी विचारलं, "दमलीस का?" ओठांवरून तिला ते स्वच्छ कळलं. असं तोंड समोर धरून ते तिच्याशी कधी बोलले होते, ते तिला आठवेना.

गुरुवारी ते मंचरला गेले. रंभाला मागं कुशाबाईशेजारी बसवलं. पाठीला उशी दिली, पायांखाली पोतं घातलं. सासरच्यांनी ओटी भरली आणि मोटार निघाली. अर्जुनराव बैलगाडीच्या चालीनं हाकत होते. घाटाच्या तोंडाशी रंभानं पोटावरचा पदर सावरला, अवघडून कूस बदलली आणि आईच्या डोक्यावर आपलं डोकं टेकवलं. कानशिलाला कानशील.

कुशाबाईचं दुसरं कानशील चौकटीला होतं. मोटार उताराला लागली. आतलं घर शांतपणे काम करत होतं. ऊन खिडकीतून येऊन दोघींच्या मांड्यांवर पडलं होतं, वळणागणिक ते इकडून तिकडं सरकत होतं. कुशाबाईच्या पापण्या जड झाल्या.

"आये," कुणीतरी म्हणालं, "मला लई भ्या वाटतंय गं."

आवाज खोल, थोडा घोगरा, ओळखीचा नसलेला. कुशाबाईनं डोळे उघडले नाहीत. रंभाचा आवाज तिला ओरडण्यातला ठाऊक होता. हळू बोलण्यातला तिनं कधी ऐकलाच नव्हता.

"शेजारची अंबू गेली ना बाळंतपणात, तवापास्नं झोप न्हाई मला. तिकडं कुनाला सांगू? तुला सांगून तरी काय, तुला कुठं ऐकू येतंय." तो आवाज थांबला. मग पुन्हा आला. "बरं वाटतं पर तुला सांगितलं की. ल्हानपनापास्नं तुलाच सांगत आलीया समदं."

केवढं सांगितलं असेल पोरीनं, एकोणीस वर्षं, शेजारी निजून, चुलीपाशी बसून!

"भिऊ नगं," कुशाबाई म्हणाली. "तू पायाळू व्हतीस, तरी झालीस का न्हाई? मी हाय न्हवं संगं."

रंभा ताडकन उठून बसली. तिचं तोंड उघडं राहिलं, ओठ भराभर हलू लागले, आणि कुशाबाईला त्यातलं काही कळेना. मधे पुन्हा ते निवांत पाणी आलं. तिनं हात लांबवून लेकीची मान धरली, तिचं डोकं खाली ओढलं आणि कानशिलाला कानशील लावलं.

"आता बोल."

"आये! कदीपास्नं ऐकू येतंय तुला?"

"सोमवारपास्नं," कुशाबाई म्हणाली.

रंभा आधी रडली आणि मग हसायला लागली. पोट धरून हसत होती ती, आणि तिचं हसू हाडाहाडांतून येऊन कुशाबाईच्या डोक्यात मावत नव्हतं. पुढं अर्जुनराव आरशातून बघत होते. त्यांना काही समजलं नव्हतं. त्यांनी भुवया वर करून विचारलं, हाय का?

"हाय," कुशाबाई म्हणाली. "जरा हळू चालवा."